सोवळ्यातली अमेरिका

अमेरिकेतल्या प्युरिटन या जुन्या, कर्मठ ख्रिस्ती पंथाच्या लोकांबद्दल माझं मत वाईट आहे. ते पुस्तकं वाचून झालेलं नाही. पुस्तकं मी नंतर पुष्कळ वाचली, पण मत आधीच पक्कं झालं होतं. पनवेलच्या वाचनालयाच्या माडीवर, रविवारी सकाळी, खाली बाजारातल्या बैलगाड्यांचा आणि वर एका प्राध्यापकाचा आवाज चालू असताना ते झालं.

हा प्राध्यापक मूळचा पनवेलचाच. मुंबईच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचा आणि शनिवारी संध्याकाळी एस.टी.ने घरी यायचा. पन्नाशीच्या आसपास त्याला अमेरिकेची एक वर्षाची शिष्यवृत्ती मिळाली. गेला तेव्हा साधा, घुम्या माणूस होता. परत आला तो ट्रंकभर पुस्तकं, एक लोकरीचा ओव्हरकोट आणि सगळ्या गावाला सुधारण्याची इच्छा घेऊन. पनवेलच्या हवेत ओव्हरकोट घालणं शक्यच नव्हतं, म्हणून तो त्याने बैठकीच्या खोलीत खुंटीला टांगून ठेवला होता, आल्यागेल्याच्या नजरेला पडेल असा. तोंडावर मी त्याला 'सर' म्हणायची, अहो-जाहो करायची. आता लिहिताना तेवढा आदर माझ्याकडे शिल्लक नाही.

घरी अभ्यास करून बी.ए.ला बसणाऱ्यांसाठी त्याने फुकट वर्ग काढला. अभ्यासक्रमात अमेरिकन साहित्याचा पेपर नव्याने आला होता आणि पनवेलात तो शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं. परीक्षेला बसणारे आम्ही मोजकेच. बाकीचे सगळे प्रतिष्ठित. एक भाताच्या गिरणीचा मालक, एक वकील, आणि त्यांच्या मागेपुढे करणारे आणखी काही. त्यांना साहित्याशी देणंघेणं नव्हतं. अमेरिकेहून आलेला माणूस फुकट बोलतोय, तर ऐकून घ्यावं, एवढंच. प्राध्यापकाने सांगितलं की प्युरिटनांच्या प्रार्थनागृहात कोणी कुठे बसायचं हे प्रत्येकाचा मान बघून ठरवायला एक समिती असायची. आमच्याकडे समितीची गरज पडली नाही. ज्याने माडीवर पंखा बसवून दिला होता तो गिरणीवाला पंख्याखाली बसला.

आणि शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसायची माझी आत्या.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला आणि ती आमच्याकडे परत आली. मुलींच्या शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवायची. स्वयंपाकघर आणि मागचं दार यांच्यामधल्या बोळात तिची वळकटी, तिची ट्रंक आणि तिचं आयुष्य होतं. पाणी भरायला जाणारा, मोरीवर जाणारा, प्रत्येक जण तिच्या अंथरुणाच्या कडेवरून जायचा. कांदा-लसूण नाही, रंगीत पातळ नाही, हसणं बेताचं. हे कुणी तिला बजावलेलं मी ऐकलं नाही. बजावण्याची गरजच नव्हती इतकं ते ठरलेलं होतं.

त्याच शाळेच्या हायस्कूलला इंग्रजी शिकवायला बाई हव्या होत्या. बी.ए. होईल या भरवशावर आत्याला जूनपासून घ्यायचं असं जवळजवळ ठरलं होतं. त्या जागेबरोबर शाळेच्या आवारातली एक खोली मिळणार होती. कौलारू, एका खिडकीची. आत्या एकदा ती बघायला गेली, बरोबर मी होते. ती आत गेली, दार लावलं, आतून कडी घातली, काढली, पुन्हा घातली. मी बाहेर उभी राहून तो आवाज ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाली, "कडी जरा घट्ट आहे. तेल घालीन." पस्तिशी ओलांडलेल्या त्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा आतून बंद होणारं दार मिळणार होतं. ते द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या शाळेच्या मंडळात ज्याच्या शब्दाला सगळ्यात वजन होतं तो होता आमचा प्राध्यापक.

पहिल्या रविवारी त्याने जहाजाची गोष्ट सांगितली. इंग्लंडातल्या चर्चमध्ये थाटमाट फार, झगे फार, म्हणून हे लोक रुसून समुद्रापार गेले आणि रानं तोडून गावं वसवली. सगळ्या जगाने मान वर करून बघावं असं गाव करायचं ही त्यांची प्रतिज्ञा. मी विचारलं, "सर, आपल्याला हवी तशी भक्ती करता यावी म्हणून गेले ना? मग दुसऱ्याने त्याच्या पद्धतीने केली तर त्याला गावाबाहेर का काढायचे?" प्राध्यापक म्हणाला, "तो त्यांच्या निष्ठेचा भाग होता." निष्ठा या शब्दाखाली काय काय खपवता येतं ते मला तेव्हा कळलं.

मग पुढचे रविवार. नाताळ साजरा करणाऱ्याला दंड. पत्ते नाहीत, नाटक नाही. कुठे पोरांनी खांब उभारून भोवती नाच केला तर खांब तोडून टाकायचा. रविवारी तासन् तास प्रवचन, तेही कडाक्याच्या थंडीत शेकोटीशिवाय. कुणाला डुलकी लागलीच तर त्यासाठी एक काठीवाला नेमलेला. काठीच्या एका टोकाला लाकडी गोळा, पुरुषांच्या टाळक्यात हाणायला. दुसऱ्या टोकाला कोल्ह्याचं शेपूट, बायकांच्या तोंडावरून फिरवायला. हे सांगताना प्राध्यापकाचे डोळे भरून आले. "शिस्त!" तो म्हणाला. "काय ती शिस्त!" त्या वेळी पंख्याखाली गिरणीवाला घोरत होता आणि आमच्याकडे काठी नव्हती.

मी ऐकत बसायची आणि माझं डोकं तापायचं. हा मनुष्य ट्रंक भरून परदेशातून जे घेऊन आला होता ते आमच्या प्रत्येक घरात होतं. त्यासाठी जहाजात बसायची काय गरज? सोवळं-ओवळं, हे खाऊ नको, तिथे शिवू नको, मोठ्याने हसू नको, आणि हे सगळं पाळून झालं की शेजारीण पाळते का ते खिडकीतून बघ. आमच्या आळीतल्या कुठल्याही सोवळ्यातल्या म्हातारीला त्या प्युरिटनांच्या गावात नेऊन सोडली असती तर दुसऱ्या दिवशी तिने तिथला कारभार हातात घेतला असता. पण प्राध्यापकाला ते दिसत नव्हतं. आमचं सोवळं त्याच्या लेखी अडाणीपणा होता. तीच गोष्ट इंग्रजीत छापून आली की ती चारित्र्य.

गिरणीवाल्याला मात्र एक धडा झोपेतूनही ऐकू आला. प्युरिटन मानायचे की कोण तरणार आणि कोण बुडणार हे देवाने जन्माच्या आधीच ठरवून टाकलंय. आपण निवडलेल्यांपैकी आहोत की नाही हे माणसाला खात्रीने कळायचा मार्ग नाही. मग बिचारे खुणा शोधायचे. पीक चांगलं आलं, धंदा वाढला, की ती देवाची खूण असावी. गाय मेली की तीही खूण. उंदरांनी एक पुस्तक कुरतडलं आणि शेजारचं सोडलं, तर त्यातही त्यांना देवाचा निकाल दिसायचा. "म्हणजे भरभराट ही देवाची पावती," गिरणीवाला ताठ बसत म्हणाला. प्राध्यापकाने त्यात थोडी दुरुस्ती करायचा प्रयत्न केला, पण पंखा डोक्यावर फिरत होता. त्या दिवसापासून गिरणीवाल्याने एकही रविवार चुकवला नाही. आमच्या घरात उंदीर अंगाचा साबण खाऊन गेले होते. आमच्याबद्दल देवाचं काय मत होतं कोण जाणे.

आता साहित्य. ते एवढंसंच. प्रवचनं, डायऱ्या, नरकाची वर्णनं करणारी लांबच लांब पद्यं. रोज रात्री स्वतःचं मन उकरून काढायचं, त्यात पाप सापडलं की लिहून ठेवायचं, आणि नाही सापडलं तर गर्वाचं पाप झालं म्हणून तेच लिहायचं. मला त्यात वाचण्यासारख्या वाटल्या त्या फक्त बायकांच्या हकिकती. लढायांत तिथल्या मूळच्या लोकांनी पकडून नेलेल्या आणि पुढे सुटून आलेल्या बाया. त्यांनी कुठून कुठे चाललो, काय सोसलं ते लिहिलं, आणि काय खाल्लं तेही लिहिलं. घरी ज्याच्या वासानेसुद्धा पोटात ढवळलं असतं ते भुकेपोटी खाल्लं आणि गोड लागलं, असंही लिहिलं. मधूनमधून देवाचे आभार मानले आहेत, ते सोडून द्यायचे. प्राध्यापक या हकिकतींवर बेहद्द खूष होता. "हेच अमेरिकन साहित्याचं बीज!" तो म्हणाला. "अनलंकृत, निराडंबर, नितांत प्रांजल आत्मनिवेदन!" साधी भाषा म्हणजे काय हे त्याने आम्हाला अशा भाषेत समजावलं.

शेवटच्या बाकावर आत्या ते सगळं उतरून घेत होती. तिच्यात एक खोड होती. कुणी शिकवायला उभं राहिलं की तो बोलतोय ते त्याला खरंच म्हणायचंय असं ती धरून चालायची.

मग ती साक्षीची कल्पना निघाली. प्युरिटनांच्या मंडळीत पुरतं सामील व्हायचं तर नुसती श्रद्धा पुरत नसे. सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या जिवात काय घडलं, देवाची कृपा केव्हा आणि कशी जाणवली, हे सांगावं लागे. प्राध्यापकाने ठरवलं की आपणही प्रत्येकाने उभं राहायचं आणि स्वतःविषयी काही खरं, साध्या शब्दांत सांगायचं. "इथे कुणी न्यायाधीश नाही," तो म्हणाला. "जो प्रांजल, तो आदरणीय."

पुढच्या रविवारी साक्षी झाल्या. वकिलाने कबूल केलं की त्याला खोटं बोलताच येत नाही आणि त्यामुळे धंद्यात फार नुकसान होतं. गिरणीवाल्याने कबूल केलं की त्याचा हात फार सढळ आहे, बायको रागावते. आणखी एकाने कबूल केलं की तो फार हळवा आहे. प्रत्येक जण आपलं पाप असं काढून दाखवत होता जणू लग्नातली पैठणीच. मी सकाळी लवकर उठायचा कंटाळा येतो असं काहीतरी सांगून बसले. प्राध्यापकाने स्वतः सांगितलं की अमेरिकेत बर्फात उभं असलेलं एक पांढरं लाकडी प्रार्थनागृह पाहून त्याला रडू कोसळलं. सगळे गहिवरले. मग आत्या उठली.

ती म्हणाली, "मी कोळीवाड्यात बायकांना लिहाय-वाचायला शिकवायला जाते. एके दिवशी वर्ग लांबला. एकादशी होती, सकाळपासून पोटात चहाच होता. ज्यांच्या ओटीवर वर्ग भरतो त्या बाई चुलीत वाकटी भाजत होत्या. वाकटी म्हणजे पट्टीसारखा लांब सुका मासा. लहानपणापासून त्या वासाला मी नाक दाबत आले. त्या दिवशी दाबलं नाही. त्यांनी थट्टेने विचारलं, बाई, जेवता का? मी हो म्हटलं. तांदळाची भाकरी आणि वाकटी खाल्ली. मीठ जरा जास्त होतं. खाताना देव आठवला नाही, माझा गेलेला माणूसही आठवला नाही. पोट भरलं. घरी येताना वाटलं, आता काहीतरी होईल. पाय घसरेल, ताप येईल. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, मुलींचे पाढे घेतले. नंतर मी पुष्कळदा खाल्ली. मला आवडते. कृपा म्हणतात ती हीच का, मला माहीत नाही. माझ्या जिवात घडलं ते एवढंच."

आणि ती खाली बसली.

मी आयुष्यभर साहित्य वाचलं, थोडंफार शिकवलं. त्या माडीवर त्या सगळ्या वर्षात बोललं गेलेलं साहित्य तेवढंच, असं मी शपथेवर सांगेन. वकील आपल्या वहाणांकडे बघत होता. गिरणीवाला "शिव शिव" म्हणाला. त्याच्या गोण्यांत भाताबरोबर काय काय जायचं ते सगळ्या बाजाराला ठाऊक होतं, आणि हा माणूस शिव शिव म्हणाला! प्राध्यापकाने चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, "बाई, आपण विषय नीट लक्षात न घेता बोललात."

आत्याला खरोखरच समजेना. घरी येताना ती मला म्हणाली, "त्या बायकांनी खाल्लं ते लिहिलं, ते यांनी जपून ठेवलं, आपल्याला शिकवलं. मग माझं काय चुकलं?" त्या बायका लांबच्या होत्या आणि मेलेल्या होत्या. प्रांजलपणा आवडायला त्या दोन गोष्टी फार उपयोगी पडतात.

आम्ही घरी पोहोचायच्या आधी बातमी पोहोचली होती. वडील पाठमोरे बसले होते. आईची मला भीती वाटत होती. ती स्वयंपाकघरात पानं मांडत होती, आणि आता आत्याचं पान वेगळं मांडणार असं मी धरून चालले होते. तिने पानं रोजच्यासारखी मांडली. मग वडील ऐकत नाहीत असं बघून, आवाज खाली आणून तिने विचारलं, "वन्सं, लागते तरी कशी हो?"

"खारट," आत्या म्हणाली. "आणि कुरकुरीत."

आईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिचे खांदे गदगदत होते. इतकी वर्षं एका घरात राहून त्या दोघी एकत्र हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

पण गावात कुणी हसत नव्हतं. मुलींच्या आया शाळेत येऊन विचारू लागल्या. शाळेच्या मंडळात चर्चा झाली. हायस्कूलच्या नेमणुकीचं बघू, असं आत्याला सांगण्यात आलं, आणि बघू म्हणजे काय ते तिला कळत होतं. त्यानंतरच्या शनिवारी प्राध्यापक स्वतः आमच्या घरी आला. चहा घेतला नाही. उत्तेजक पेयं त्याने सोडली होती. तो रागावलेला नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. रागावला असता तर बरं झालं असतं. तो अत्यंत प्रसन्न होता. त्याच्या प्युरिटनांकडे यालाही तोड होती. ज्याच्या हातून चुकलं त्याने मंडळीसमोर उभं राहून पश्चात्ताप बोलून दाखवायचा. मग मंडळी त्याला परत सामावून घेत. येत्या वर्गाला मंडळाचे सगळे सदस्य येतील. आत्याने उभं राहून झाल्या गोष्टीचं वाईट वाटतं एवढं सांगावं, पुन्हा होणार नाही म्हणावं. नेमणूक तिचीच, खोलीही तिचीच. "यात अपमान नाही," तो म्हणाला. "उलट यासारखी शुद्धी नाही." इतक्या शतकांनंतर हा विधी आपल्या हातून पनवेलात होणार, या आनंदाने त्याचा चेहरा फुलला होता. खुंटीवरच्या त्या ओव्हरकोटासकट त्याला पायरीवरून खाली ढकलावं असं मला वाटलं.

तो गेल्यावर वडील म्हणाले, "दोनच वाक्यं आहेत. म्हणून टाक की." वडील दुष्ट नव्हते. त्यांनाही ती खोली बहिणीला मिळायला हवी होती. आत्या म्हणाली, "वाईट वाटतंय का ते बघते. वाटलं तर म्हणेन." आणि तिने खरोखरच बघितलं. रोज संध्याकाळी बोळात ट्रंकेवर बसून ती विचार करायची. भाजी निवडत मी समोर बसायची. मला वाटायचं, अगं, नुसतं म्हण! खोटं म्हण! सगळे तेच करून तर पंख्याखाली बसलेत. पण तिच्यासमोर ते बोलायचा मला धीर झाला नाही. मध्येच एकदा ती उठून एकटी शाळेकडे गेली आणि अंधार पडायच्या आत परत आली. कुठे गेली होतीस असं कुणी विचारलं नाही. तिच्या बोटांना खोबरेल तेलाचा वास येत होता.

रविवारी माडी भरून गेली होती. प्राध्यापकाने आधी पश्चात्तापावर भाषण केलं, पुष्कळ लांबलं. मग तो म्हणाला, "बाई, आता आपण."

आत्या उभी राहिली. तिने हात बाकाच्या पाठीवर ठेवले. "मी वाकटी खाल्ली ते खरं," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलंत म्हणून मी मनात शोधून बघितलं. रोज बघितलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. मला ती खोली फार हवी आहे, म्हणून वाईट वाटायला हवं होतं. पण वाटत नाही. पुढे वाटलं तर येऊन सांगेन."

प्राध्यापक हळू आवाजात म्हणाला, "पश्चात्तापाशिवाय काही करता येणार नाही." ती म्हणाली, "हो, ते कळलं," आणि वही उचलून जिना उतरून गेली. ज्या लोकांचं तो वर्षभर कौतुक करत होता त्यांनी म्हणे आयुष्यं घालवली आपलं मन खरं काय सांगतं ते शोधण्यात. त्याच्यासमोर एका बाईने ते करून दाखवलं आणि त्याला ओळखता आलं नाही. मी आत्याच्या मागोमाग उतरले. त्या वर्गाला मी पुन्हा गेले नाही. पेपर माझा मीच वाचून दिला.

नोकरीचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. हायस्कूलची जागा बाहेरगावच्या एका बाईंना मिळाली. मे महिन्यात आत्याला प्राथमिकच्या वर्गांवरूनही कमी केलं. काही महिने ती घरी बसली. ते महिने वाईट होते, तिलाही आणि आम्हालाही. मग बेलपाड्याच्या शाळेत मास्तरीण हवी म्हणून तिला बोलावणं आलं. तेव्हा तिथे खाडी, मिठागरं आणि भातखाचरं याशिवाय काही नव्हतं. शाळेच्या मागे पडवीवजा एक जागा होती, तिला दार नव्हतं. आत्याने सुतार बोलावून दार करून घेतलं आणि कडी आतून लावून घेतली. तिथे ती निवृत्त होईपर्यंत राहिली. काय शिजवून खाल्लं ते तिला ठाऊक.

पण मला सांगायचाय तो त्याच वर्षीचा शिमगा. आत्याने दुसऱ्यांदा साक्ष दिली त्यानंतर थोड्याच दिवसांत तो आला.

प्राध्यापकाला शिमग्याचा भयंकर तिटकारा. तोंडावर हात मारून बोंब मारायची, ज्याच्या त्याच्या दारात जाऊन त्याचं काय काय चव्हाट्यावर आणायचं, हे त्याच्या मते रानटीपणाचं टोक. खांब तोडणाऱ्या त्याच्या लोकांनी होळीही विझवली असती यात शंका नाही. मला उलट वाटायचं की आमची पद्धत शहाणपणाची. तुझं वर्षाचं जे काय असेल ते एकदा दारात उभं राहून ओरडायचं, तू हसायचं, पोस्त म्हणून नारळ-पैसे हातावर ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी अंग धुतलं की संपलं. त्यांच्यासारखं जन्मभर उरावर घेऊन बसायचं नाही.

धुळवडीच्या सकाळी कोळीवाड्यातल्या बायका ढोलकीवाल्याला घेऊन बाजारात आल्या. पुढे होती ती, जिच्या ओटीवर आत्याचा वर्ग भरायचा. उंचीपुरी, कपाळावर राख फासलेली. तिच्या कानावर सगळं गेलं होतं. आमच्या दारात येऊन तिने आत्याला हाक मारली, "बाई, चला. आज तुमच्या त्या सरांच्या दारात आमी बोंबलतो. तुमी नुसत्या उभ्या रावा." आत्या नको म्हणत होती. मागून आई म्हणाली, "जा हो वन्सं," आणि स्वतःही पदर खोचून निघाली.

आधी गिरणीवाल्याचं घर लागलं. तिथे काही विचारायची वेळच आली नाही. मापात काय मारतो, भातात काय मिसळतो, सगळं खणखणीत आवाजात झालं. गिरणीवाला पायरीवर येऊन पोट हलवत हसला, नारळ दिला, पैसे दिले. त्या एका दिवशी तो मला माणसासारखा दिसला. वकील दार लावून आत बसला, त्याचंही दारावर झालं. मग सगळ्या प्राध्यापकाच्या घरासमोर आल्या.

तो तयारच होता. दार सताड उघडं, मागे खुंटीला ओव्हरकोट, आणि पायरीवर हा, पांढरा स्वच्छ सदरा घालून, हात छातीवर बांधून. त्याने चेहराही तयार ठेवला होता. अडाणी जमाव आपला छळ करतो आहे आणि आपण तो सोसतो आहोत, असा. इतकी वर्षं पुस्तकांतून वाचलेला तो क्षण अखेर त्याच्या वाट्याला आला होता.

राख फासलेल्या त्या कोळणीने हात तोंडाशी नेला. मग थांबली, आत्याकडे वळली. "बाई, सांगा. ह्याचा काय बोंबलू? दारू पितो काय?"

"नाही," आत्या म्हणाली.

"बाई ठेवलीय कुटं?"

"नाही गं."

"कुनाची जमीन खाल्ली? चोरून मासली तरी खातो?"

आत्या खोटं कशाला बोलेल? "नाही," ती म्हणाली. "काहीच नाही त्यांचं. कधीच काही नाही."

"कायच नाय? अख्ख्या जल्मात?"

तिने मान वळवून प्राध्यापकाकडे बघितलं. आतापर्यंत तिच्या तोंडावर होती ती मस्करी गेली. पायरीवरून तो मोठ्याने म्हणाला, "बोला! काय बोलायचं असेल ते बोला. मी ऐकून घेईन."

"काय बोलू, दादा?" ती म्हणाली, आणि अगदी हळू म्हणाली. "बोलन्यासारका कायच नाय तुमच्याजवल."

आमच्याकडे शिमग्यात एकच घर असं असतं की ज्याच्या दारात बोंब मारत नाहीत. ज्या घरात नुकतंच कुणी गेलेलं असतं ते. तिने डोक्यावर पदर घेतला, ढोलकीवाल्याला हाताने खूण केली आणि त्याने ढोलकी थांबवली. सगळ्या बायका खाली बघत, काही न बोलता, त्याच्या दारावरून पुढे गेल्या. आई गेली, आत्या गेली, मीही गेले. तो हात बांधून पायरीवर तसाच उभा होता. कोपरा वळल्यावर ढोलकी पुन्हा सुरू झाली.